घाटातल्या जंगलात खालच्या थरातलं झाड ओळखायचं कसं? सुरुवात अंजनीपासून करा

सदाहरित जंगलात नवीन माणूस शिरला की पहिल्या दहा मिनिटांत त्याचा गोंधळ उडतो, कारण जिकडे बघावं तिकडे मनगटाएवढ्या किंवा मांडीएवढ्या खोडाची, गडद हिरव्या चकचकीत पानांची मध्यम उंचीची झाडं, ना फूल ना फळ, आणि सगळी एकसारखी. वरची मोठी झाडं निदान खोडावरून, आकारावरून लक्षात राहतात. खालच्या थरातली राहत नाहीत, आणि बहुतेक पुस्तकं फुलांवरून ओळख सांगतात, तर ही झाडं वर्षातले बरेच महिने फुलंच दाखवत नाहीत. मग करायचं काय, तर एकच झाड धरायचं आणि ते इतकं पक्कं करायचं की बाकीची त्याच्याशी ताडून बघता येतील. सह्याद्रीच्या महाराष्ट्रातल्या भागासाठी माझ्या मते ते झाड म्हणजे अंजनी. शास्त्रीय नाव मेमेसिलॉन अम्बेलेटम, जुन्या पुस्तकांत मेमेसिलॉन एड्युल असंही सापडेल.

अंजनीच का, तर ती भरपूर आहे. महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर, आंबोली, कोयना, राधानगरी, कुठेही जा, घाटमाथ्यावर जंगल शिल्लक असेल तिथे ती असतेच. घाटमाथ्यावरच्या जंगलांचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी जे प्रकार पाडलेत त्यातल्या एकाचं नावच अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांवरून दिलेलं आहे. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, अंजनीची ओळख बरीचशी काय नाही यावर ठरते. शिरा दिसत नाहीत, चीक नाही, वास नाही, काटा नाही, पानाच्या देठाशी उपपर्ण (पापुद्र्यासारखं छोटं टोक) नाही. ही "नाही"ची यादी तपासताना तुम्ही आपोआप आजूबाजूच्या निम्म्या झाडांच्या खुणा शिकता.

एक आधीच सांगून ठेवते, गावात कोणी "अंजन" म्हणालं तर लगेच अंजनी समजू नका. खानदेश, मराठवाड्याच्या कोरड्या रानात अंजन नावाचा मोठा वृक्ष आहे, त्याचं पान दोन दलांचं, म्हणजे पानासारख्या दोन भागांचं असतं आणि उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो. त्याचा आणि आपल्या अंजनीचा काही संबंध नाही. कोकणात मात्र अंजनीलाच अंजन म्हणणारी माणसं भेटतात, म्हणून नाव विचारा जरूर, पण खुणा स्वतः बघा.

निघण्याआधी

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग, सहा इंची पट्टी, वही-पेन्सिल (पेन पावसात बाद होतो) आणि मोबाईल. दुर्बीण असेल तर वरच्या फांद्यांसाठी उपयोगी पडते. अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आणि तिथले नियम आधी विचारून घ्या, तिथे पान तोडणंही चालत नाही. देवराईत तर काडीसुद्धा उचलायची नाही असा बऱ्याच गावांचा रिवाज आहे, तिथे गावकऱ्यांना विचारूनच आत जा, आणि ते नाही म्हणाले तर नाही. तोडल्याशिवाय ओळखता येत नाही हा गैरसमज आहे, फांदी हलकेच वाकवून जागेवर बघितलं आणि जिथे चालतं तिथे खाली पडलेलं पान हातात घेतलं की बहुतेक काम होतं.

पहिल्यांदा जागा बघा

झाडाकडे बघायच्या आधी आजूबाजूला बघा. तुम्ही किती उंचीवर आहात, उतार आहे की सडा, म्हणजे सपाट खडकाळ पठार, जमीन खोल मातीची की जांभ्या दगडाची, वरचं छत किती उंच. हे वहीत लिहून काढा, नंतर फोटोवरून आठवत नाही.

याचं कारण असं की अंजनी सगळीकडे एकाच रूपात भेटत नाही. चांदोलीच्या किंवा आंबोलीखालच्या उतारावर, जिथे माती खोल आहे आणि वरची झाडं उंच गेलीयत, तिथे ती खालच्या थरात सावलीत उभी असते, बारीक खोडाची, आडव्या पसरलेल्या फांद्यांची. तीच महाबळेश्वर-माथेरानच्या वाऱ्याच्या माथ्यावर, जांभ्यावर, स्वतःच छत बनते, कारण तिथे सगळं जंगलच बुटकं आहे, आणि तिथे तिचं खोड वेडंवाकडं, गाठीगाठीचं, शेवाळ आणि दगडफुलांनी भरलेलं दिसतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत, नंतरचे सात-आठ महिने कोरडे, वरून वारा आणि पातळ माती. जाड चामड्यासारख्या पानांची अंजनी हे सगळं सोसून हिरवीच राहते. म्हणजे "खालच्या थरातलं झाड" हा शिक्का कायमचा नसतो, आणि उंचीवरून किंवा एकूण आकारावरून झाड ओळखायचा प्रयत्न नवीन माणसाने करूच नये.

पानांची मांडणी, इथे घाई करू नका

आता फांदी बघा. पहिला प्रश्न एकच: एका पेरावर, म्हणजे फांदीवर पान फुटतं त्या जागी, किती पानं? एक, दोन की जास्त?

एका पेरावर एकच पान आणि पुढच्या पेरावर दुसऱ्या बाजूला दुसरं, तर ती एकाआड एक मांडणी. दोन पानं एकमेकांच्या बरोबर समोर, तर समोरासमोर. तीन किंवा जास्त गोल झुबक्यात, तर मंडल. अंजनी समोरासमोरवाली आहे, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी, म्हणजे फांदीच्या टोकाकडून बघितलं तर अधिकचं चिन्ह दिसतं. फक्त सावलीतल्या आडव्या फांदीवर देठ जरा पिळतात आणि सगळी पानं उजेडासाठी एका पातळीत येतात, तेव्हा अधिक दिसत नाही, म्हणून नेहमी पान न बघता देठ जिथे फांदीला चिकटतो ती जागा बघा.

या एका प्रश्नाने बरीच झाडं बाजूला पडतात. पिसा इथेच गळतो, त्याची पानं फांदीच्या टोकाला झुबक्यात येतात आणि पानाची खालची बाजू फिकट राखाडी-पांढरट असते. माकडलिंबू गळतं, त्याची पानं एकाआड एक. काटेकुंभळही एकाआड एक आणि वर काटे.

दोन गोष्टींनी इथे नवीन लोक हमखास फसतात. एक म्हणजे संयुक्त पान. दहा-बारा दलं असलेलं एकच पान असतं आणि ते पानं लागलेली फांदी वाटतं. त्यावर उपाय कोंब शोधणं, खऱ्या पानाच्या देठाच्या बेचक्यात छोटा कोंब असतो, दलाच्या बेचक्यात कधीच नसतो. अंजनीचं पान साधं आहे, प्रत्येक पानाच्या बेचक्यात कोंब सापडेल. दुसरी गोष्ट म्हणजे बांडगूळ. घाटात झाडांवर बांडगुळं भरपूर, त्यांची पानंही जाड आणि बरेचदा समोरासमोर, आणि खालून बघताना ती झाडाचीच वाटतात. म्हणून खोडापासून फांदी नजरेने धरत टोकापर्यंत जा, मध्येच फांदीला फुगवटा येऊन वेगळ्याच रंगाच्या फांद्या फुटल्या असतील तर ते बांडगूळ.

पान उजेडासमोर धरा

ही अंजनीची सगळ्यात भरवशाची खूण, माझी सगळ्यात आवडती पण. पान लंबगोल ते अंडाकृती, साधारण 3 ते 9 सेंटीमीटर लांब, कडा एकदम साधी, दाते नाहीत, देठ एक सेंटीमीटरहूनही कमी. वरून चकचकीत, स्पर्शाला जाड आणि कडक. मधली शीर वरच्या बाजूने खोलगट पन्हाळीसारखी. आणि बाजूच्या शिरा? दिसतच नाहीत. जवळजवळ गुळगुळीत पान, मधोमध एक रेघ, बस. उजेडासमोर धरलं तरी फार तर अगदी पुसट काहीतरी.

हे का महत्त्वाचं ते जांभळाशेजारी ठेवून बघा, कारण जांभूळ त्याच जंगलात असतं, पानं समोरासमोर असतात आणि चकचकीतही असतात. पण जांभळाचं पान सहसा मोठं, देठ लांब, आणि उजेडात धरलं की अगदी जवळजवळ, समांतर, बारीक शिरांची दाटी दिसते आणि त्या सगळ्या शिरा कडेच्या जरा आत एका रेषेला जाऊन मिळतात. ती कडेची रेष एकदा दिसली की जांभूळ कुळातलं झाड परत चुकत नाही. शिवाय पान चुरगळलं की जांभळाचा ओळखीचा वास येतो, अंजनीला नाव घेण्यासारखा वास नाही.

पारजांभूळ हा तिसरा. नावात जांभूळ असलं तरी तो ऑलिव्हच्या कुळातला, पानं समोरासमोर पण मोठी, बाजूच्या शिरा स्वच्छ दिसतात आणि बऱ्याच पानांच्या कडेला दाते असतात (सगळ्या नाही, म्हणून एका पानावर निकाल देऊ नका, चार-पाच पानं बघा).

इथे एक गंमतशीर गोष्ट पण आहे. अंजनीचं कुळ म्हणजे मेलास्टोमेटेसी, आणि या कुळातली बाकीची झाडंझुडपं, उदाहरणार्थ पालोरे, बरोबर उलट वागतात. पालोऱ्याच्या पानावर बुडापासून टोकापर्यंत जाणाऱ्या तीन-पाच ठसठशीत शिरा असतात, लांबूनही दिसतात. पुस्तकात "या कुळाची खूण म्हणजे उभ्या शिरा" असं वाचून गेलात तर अंजनी त्या कुळात कधी बसवणारच नाही. म्हणून काही अभ्यासक अंजनीला वेगळ्या कुळात टाकायचे.

देठाशी भिंग लावा

आतापर्यंत समोरासमोर पानं, साधी कडा, शिरा पुसट, असं झाड सापडलं असेल तर खुशीत येऊ नका, कारण तुपा अजून राहिलाय. तुपा हे कॉफीच्या कुळातलं झाड, त्याच जंगलात, त्याच उंचीचं, पानंही साधारण त्याच मापाची आणि चकचकीत. लांबून मी तरी दोघांत फरक करायला जात नाही.

पण भिंग लावलं की अर्ध्या मिनिटात निकाल. कॉफी कुळात दोन समोरासमोरच्या देठांच्या मधे, फांदीवर, एक छोटं त्रिकोणी पापुद्र्यासारखं टोक असतं, ते उपपर्ण. कोवळ्या टोकाकडे ते स्पष्ट दिसतं, जुन्या पेरावर गळून गेलं तरी दोन देठांना जोडणारी एक रेघ राहते. अंजनीला उपपर्ण नाही, आणि ती रेघ शोधताना जुन्या पेरावर फसायला होतं म्हणून आधी कोवळं टोकच बघा. तुप्याच्या बाजूच्या शिरा पण, पुसट का होईना, मोजता येतात.

लोखंडी पण कॉफी कुळातलीच आणि खालच्या थरात खूप, पण तिची पानं बरीच मोठी, जवळजवळ वीतभरापर्यंत जातात, त्यामुळे तिथे गोंधळ कमी होतो. फुलं आली तर पांढऱ्या बारीक फुलांचे मोठे तुरे.

वास आणि चीक, पण सांभाळून

खाली पडलेलं ताजं पान मोडून बघा. अंजनीत चीक नाही. काटेकुंभळात पांढरा चीक, कोकमात पिवळसर, आणि दक्षिण सिंधुदुर्गात, गोव्यात सखल ओलसर जंगलात गेलात तर रानजायफळाच्या सालीतून लालभडक द्रव येतो, बघणाऱ्याला दचकायला होतं. माकडलिंबाचं पान चुरगळलं की लिंबाचा वास, उजेडात धरलं की बारीक पारदर्शक ठिपके.

पण हे करायच्या आधी एक झाड ओळखायला शिका, ते म्हणजे रानबिब्बा. त्याचा रस हवा लागली की काळा पडतो आणि अंगाला लागला तर कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात, सूज येते, काही लोकांना फार त्रास होतो. खोडावर काळे ओघळ सुकलेले दिसले, पानं मोठी, एकाआड एक आणि फांदीच्या टोकाला गर्दी करून असली, देठावर बारीक बोटासारखी दोन टोकं दिसली, तर हात लावू नका, खाली पडलेलं पानही उचलू नका. पावसात त्याच्याखाली उभं राहू नका. आणि नियम म्हणून, अनोळखी झाडाचं काहीही तोंडात घालून बघायचं नाही. चवीवरून ओळखणारे जुने जाणते असतात, त्यांना ते झाड आधीच माहीत असतं.

साल आणि खोड

याबद्दल थोडक्यात. अंजनीची साल पातळ, तपकिरी-राखाडी, वय झालेल्या खोडावर बारीक उभ्या चिरा आणि छोटे पापुद्रे. काटे नाहीत, आधारमुळं नाहीत. लाकूड फार कठीण आणि जड, म्हणून अवजारांच्या दांड्यांना वापरायचे आणि कोळशासाठीही हे झाड खूप तुटलं. जुन्या बुंध्यापासून चार-पाच खोडं फुटलेली दिसली तर तिथे कधीतरी तोड झाली असण्याची शक्यता धरा. फक्त सालीवरून मात्र ओळख ठरवू नका, ओल्या जंगलात शेवाळाने सगळ्यांच्या साली सारख्या दिसतात.

फुलं आली असतील तर प्रश्नच मिटला

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, उंचीप्रमाणे थोडं मागेपुढे, अंजनी फुलते, आणि तेव्हा ती ओळखायला कोणाची गरज लागत नाही. गडद निळी-जांभळी बारीक फुलं, झुबक्या-झुबक्यांनी, आणि ती फक्त कोवळ्या टोकाला नाहीत तर जुन्या, पानं गळून गेलेल्या फांद्यांच्या पेरांवर थेट चिकटलेली. आख्खी फांदी निळी होते. असा निळा रंग आपल्याकडच्या दुसऱ्या कुठल्या झाडाला असा फांदीभर येतो असं मला तरी माहीत नाही. वर बघायची सुद्धा गरज नसते, वाटेवर निळा सडा पडलेला दिसला की मान वर करायची.

भिंगातून एक फूल नक्की बघा: चार पाकळ्या, आठ पुंकेसर, खाली गुलाबीसर छोटा पेला. पुंकेसरही निळे आणि त्यांचा आकार वाकडा, आकड्यासारखा. मधमाश्या या काळात इतक्या असतात की झाड गुणगुणतं, म्हणून तोंड अगदी जवळ नेऊ नका, फोटो जरा लांबून काढा.

फळं त्यानंतर, पावसाच्या तोंडावर. वाटाण्याएवढी गोल, आधी हिरवी, मग पिवळट-गुलाबी, पिकली की जांभळट काळी. फळाच्या डोक्यावर पेल्याची गोल कडा मुकुटासारखी शिल्लक राहते, ती बघा. तुप्याचं फळ दोन बियांचं, जरा चपटं असतं, म्हणजे फळांच्या दिवसांत तो गोंधळही जातो. पिकलेली फळं बुलबुल आणि इतर पक्षी खातात, गावातली पोरंही खातात, पण ओळख पक्की होईपर्यंत तुम्ही नको.

वाळलेली पानं पण फेकून देऊ नका, म्हणजे नजरेने. अंजनी जमिनीतलं अॅल्युमिनियम पानात साठवते, आणि तिचं पान वाळलं की हिरवट-पिवळं पडतं, बाकीच्यांसारखं तपकिरी होत नाही. ही पानं कापड आणि चटया रंगवताना पिवळ्या रंगासाठी आणि रंग पक्का बसावा म्हणून दक्षिणेत पूर्वीपासून वापरतात.

फोटो आणि नोंद

एका झाडाचे एवढे फोटो हवेत: पूर्ण झाड जागेसकट, खोडाची साल, फांदीचा असा तुकडा ज्यात तीन-चार पेरं आणि पानांच्या जोड्या दिसतात, पानाची वरची बाजू, खालची बाजू, उजेडासमोर धरलेलं पान, देठाजवळची जागा जवळून, आणि असतील तर फुलं-फळं. पानाच्या फोटोत पट्टी ठेवा. लोक नुसत्या एका पानाचा किंवा लांबून काढलेल्या झुडपाचा फोटो टाकतात आणि "हे काय आहे" विचारतात, त्यावरून कोणीच प्रामाणिकपणे उत्तर देऊ शकत नाही. मोबाईलमधली अॅप्स वापरा, आयनॅचरलिस्टवर (निसर्गातल्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ आणि अॅप) नोंद टाकली तर जाणकार बघतात आणि नोंद पुढे अभ्यासाला उपयोगी पडते, पण अॅपने दिलेलं नाव ही फक्त सूचना समजा. अशा फुलं नसलेल्या चकचकीत पानांच्या झाडांवर अॅप बिनधास्त चुकतात, कारण देठामधलं उपपर्ण किंवा वास फोटोत येतच नाही.

नोंदीत तुम्हाला जे दिसलं तेच लिहा. "समोरासमोर, उपपर्ण नाही, शिरा दिसत नाहीत, चीक नाही" एवढं लिहिलं आणि नाव नाही लिहिलं तरी ती चांगली नोंद आहे. नुसतं "अंजनी" लिहिलं आणि खुणा नाही लिहिल्या तर ती कोणाला तपासता येत नाही.

शेवटचा अडथळा दक्षिणेकडचा

महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकर या भागात वरच्या सगळ्या खुणा जुळल्या तर मेमेसिलॉन अम्बेलेटम म्हणायला हरकत नाही. पण तिलारी, दोडामार्ग, गोव्यातली जंगलं आणि पुढे कर्नाटकात उतरलात की मेमेसिलॉनच्या इतर जाती सुरू होतात, टालबोटियानम आहे, मलबारिकम आहे, आणि जितकं दक्षिणेला जाल तितक्या वाढतात. पानं बघून त्या वेगळ्या करणं अनुभवी लोकांनाही अवघड जातं. तिथे देठ किती मिलिमीटर आहे की जवळजवळ नाहीच, पानाचं बूड निमुळतं की गोल, फुलांच्या झुबक्याला दांडा आहे की तो थेट फांदीला चिकटलाय, कोवळी फांदी गोल की चौकोनी, या चार गोष्टी मोजून-मापून लिहा, आणि फुलं नसतील तर नोंदीत नुसतं "मेमेसिलॉन" एवढंच टाकून जागा नकाशावर खूण करून ठेवा, मार्चमध्ये परत जाऊन फुलं बघता येतात, झाड तिथेच असतं.